मिनीगेमला उपखेळ म्हणावं की पोटखेळ?

एका भावानं विचारलं की मोठ्या व्हिडिओ गेमच्या आत जे छोटे गेम राहतात, ज्याला सगळे मिनीगेम म्हणतात, त्याला मराठीत 'उपखेळ' चालते का.

भाऊ, चालते, कोणालाही समजेल. पण मला पोटखेळ जास्त पटते. 'उप' लागला की दर्जा एक पायरी खाली पण काम तेच, सरपंच नसला की उपसरपंच ग्रामसभा चालवते ना. मिनीगेम मोठ्या गेमचं काम करतच नाही, त्याचे नियम वेगळे, हारजीत वेगळी, फक्त राहते त्याच्या पोटात. सातबारा काढून पाहा, पोटखराबा म्हणून जागा लिहिलेली राहते, गट नंबर तोच, एकूण क्षेत्रातही मोजतात, पण तिथं पेरणी नाही, नाला नाहीतर खडक राहते. तसंच हे.

आता जीटीए मालिकेतला सॅन अँड्रियास (2004) हा गाड्या-बंदुकांचा गेम घ्या, आमच्या इकडच्या पोट्ट्यांनी तालुक्याच्या सायबर कॅफेत बसून खेळलेला. त्यात बारमध्ये पूलचा टेबल आहे, पैसे लावायचे, काठीनं नेम धरून बॉल पाडायचे, तेवढा वेळ गाडी, बंदूक, पोलीस काहीच कामाचं नाही, जिंकलेले पैसे मात्र मोठ्या गेममध्ये खर्चायला मिळतात. हा अस्सल पोटखेळ. उलट त्याच मालिकेतल्या व्हाइस सिटीत (2002) रिमोटच्या हेलिकॉप्टरनं बांधकामाच्या बिल्डिंगमध्ये एकेक बॉम्ब नेऊन ठेवायचं ते मिशन, ज्याच्यात अर्धे पोट्टे अडकून पडायचे, ते वाटते मिनीगेमसारखं पण ते मिशनच, गोष्टीचाच तुकडा आहे, मी त्याला पोटखेळ म्हणणार नाही. आणि साइड मिशनसाठी, म्हणजे मुख्य गोष्टीच्या बाजूनं चालणाऱ्या कामगिरीसाठी, उपकथानक हा चांगला शब्द आपल्याकडे आहेच, तिथं 'उप' शोभते.

कोणी 'लघुखेळ' पण सुचवलं होतं, ते मला अजिबात नाही पटत, कारण आतला गेम लहानच राहते असं काही नाही. डे ऑफ द टेंटॅकल (1993) मध्ये एका खोलीत कॉम्प्युटर आहे, तो चालू केला की 1987 चा मॅनियाक मॅन्शन, म्हणजे त्याचाच आधीचा भाग, आख्खाच्या आख्खा खेळता येते! याला लघु कसं म्हणता?

ग्वेंटचं पण सांगतो. विचर 3 (2015) मधला पत्त्यांचा खेळ, तीन डावांतले दोन जिंकायचे, पहिल्याच डावात सगळे भारी पत्ते उधळले की पुढं हात रिकामा. राक्षस मारायचे सोडून लोक पत्तेच कुटत बसले आणि 2018 मध्ये कंपनीनं तो वेगळा गेम म्हणून काढला. मग विचरमधला ग्वेंट पोटखेळ, बाहेरचा नुसता गेम.

लिहिताना जोडून लिहा, पोटखेळ, मधात रेघ नको. अनेकवचनही तेच, एक पोटखेळ, दहा पोटखेळ.