आधी त्याचं ताट भरा

प्रश्न : ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. वर्षभर त्याचं पोट अधूनमधून दुखतंय. ओळखीतल्या एकीने सुचवलं म्हणून रक्ताची 'फूड सेन्सिटिव्हिटी' चाचणी केली. अहवालात 23 पदार्थ लाल रंगात आले. दोन महिने दूध, गहू, अंडी, शेंगदाणे सगळं बंद आहे. पोट तरी दुखतंच, वर वजन दीड किलो उतरलंय. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात खूळ शिरलंय. सासूबाई माझ्या नकळत त्याला बिस्किटं देतात. कुणाचं ऐकू?

उत्तर : खूळ नाही हो. लेकराचं पोट दुखतंय आणि कारण सापडत नाही, तेव्हा हातात आलेला कागद कुणालाही खराच वाटतो. पण तो कागद आता बाजूला ठेवा. अशा बहुतेक चाचण्या रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) मोजतात, आणि ते आपण नेहमी खातो त्या पदार्थांविरुद्ध तयार होतच असतं. म्हणजे तुमच्याकडे आहे ती साधारण तुमचा मुलगा काय खातो याची यादी! अमेरिका, युरोप, कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनीही या चाचणीवरून निदान करू नका असं सांगितलंय.

मला खरी काळजी वजनाची वाटते. सहा वर्षांच्या मुलाचं दीड किलो म्हणजे थोडं नाही. ते उपासमारीनेही उतरलं असेल, पण हे ठरवायचं काम तुमचं नाही आणि माझंही नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. शौचातून रक्त, दुखण्याने रात्री जाग येणं, वारंवार उलट्या यांतलं काही असेल तर उद्याच.

त्यांना गव्हाबद्दल मुद्दाम सांगा. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक आजार रक्ताच्या तपासणीत दिसतो, पण मूल गहू खात असेल तरच. दोन महिने बंद असेल तर आजार असूनही तपासणी साफ येऊ शकते. म्हणून तपासणीआधी काही आठवडे गहू पुन्हा सुरू करावा लागतो. बाकीचे पदार्थही त्यांच्याच सल्ल्याने परत आणा. मात्र यांतलं काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात त्याच्या अंगावर गांध्या उठल्या असतील, ओठ सुजले असतील किंवा श्वास अडकला असेल, तर तो पदार्थ घरी अजिबात देऊन बघू नका. ती ॲलर्जी असू शकते आणि तिची परीक्षा दवाखान्यातच होते.

मग एक वही घाला. काय खाल्लं, किती वाजता, कधी दुखलं, त्या दिवशी शाळा होती का. शाळेचा रकाना लोक गाळतात. सोमवारी सकाळी दुखणारं आणि रविवारी विसरलं जाणारं पोट मी खूप पत्रांत वाचलंय, आणि तेही खोटं दुखणं नसतं. फळांचा रसही लिहा, त्याचा अतिरेक झाला तर चांगल्या पोटाचंही बिनसतं.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून एखाद्या पदार्थावर संशय आला, तर तेवढा एकच, डॉक्टरांना विचारून, दोन ते चार आठवडे बंद करा. आणि पुन्हा द्या. हा 'पुन्हा द्या'चा भाग सगळे टाळतात, कारण बरं वाटत असताना कोण विषाची परीक्षा घेणार? पण बंद केल्यावर थांबलं आणि दिल्यावर परत दुखलं, तरच तो पदार्थ दोषी. दूध बाधलं तरी कायमचं सुटेलच असं नाही. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्या पुष्कळ मुलांना थोडं दूध किंवा दही चालतं, आणि जुलाबांनंतर आलेला त्रास तर बहुधा काही आठवड्यांत जातो.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांच्या बिस्किटांमुळे तुमचे दोन महिने तसेही प्रयोग म्हणून बाद झालेत, आणि उपाशी नातवाला बघवलं नाही यात त्यांचा काय गुन्हा? वही स्वयंपाकघरात टांगा, पेन त्यांच्या हाती द्या. बिस्किट दिलं तर बिस्किट लिहायचं, कुणी ओरडायचं नाही. नवऱ्याला डॉक्टरांकडे बरोबर न्या.

आणि एक. एवढ्या पत्रात त्याला शौचाला रोज होते का, कडक होते का, याचा एक शब्द नाही. मुलांच्या पोटदुखीत बद्धकोष्ठ फार वेळा निघतं. आज रात्री त्याला विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.