ढोलकी ताणली की फाटते का?

वाचकांचे प्रश्न, रेकॉर्डिंगवाल्याची उत्तरं

प्रश्न : आमच्या ढोलकीवाल्याकडून ९६ च्या टेम्पोला एक तुकडा वाजवून घेतला. गाणं नंतर १२० वर गेलं. सॉफ्टवेअरमध्ये लूप ओढून बसवला तर थाप मऊ पडते, काही थापा तर गायबच होतात. नुसता वेग वाढवला तर ढोलकी चिरकते. काय करू? (जुन्नर तालुक्यातून)

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. टेप जोरात पळवावी तसा नुसता वेग वाढवला की लयीबरोबर सूरही चढतो. ९६ वरून १२० म्हणजे सव्वापट. पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजल्या तर जवळजवळ चार पट्ट्या वर. काळी एकला लावलेली ढोलकी पांढरी चारच्या आसपास बोलायला लागते, आणि गायक बिचारा काळी एकलाच उभा.

सूर न हलवता ताणायचं तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक काप करतं आणि ते जवळ किंवा लांब मांडतं. नेहमीच्या फाईलमध्ये सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजमापं) असतात. त्यातल्या २०४८ नमुन्यांचा एक काप घेतला तर तो ४६ मिलिसेकंदांचा होतो. शाईवर बोट पडतं तो ‘टण्’ मात्र दोन-चार मिलिसेकंदांत आटोपतो. कापाच्या आत थाप नेमकी कुठे पडली हे सॉफ्टवेअरला सांभाळता येत नाही, मग ती कापभर सारवली जाते. काप एकमेकांवर चढवणाऱ्या पद्धतीत वेग वाढवताना एखादी थाप दोन कापांच्या सांध्यात हरवते, आणि लय उतरवताना तीच दोनदा वाजते.

तेव्हा थाप ताणूच नका, थापांमधलं अंतर कमी करा. ९६ ला एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, १२० ला ५०० ची. प्रत्येक थापेच्या अगदी तोंडाशी कापायचं (नंतर नव्हे, टोक गेलं की सगळं गेलं) आणि तुकडे नव्या जागी सरकवायचे. घुमाऱ्याची शेपटी पुढच्या थापेखाली जाईल, तिथे छोटा फेड द्या (आवाज हळूहळू विझवा). रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थापांवर आपोआप कापणारं ‘डायनॅमिक स्प्लिट’ आहे. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्पचा (लय ताणण्याच्या सोयीचा) ‘बीट्स’ मोड हेच काम आपणहून करतो. तिथे ‘कॉम्प्लेक्स’ निवडलात तर पुन्हा सारवण. वेग वाढवताना हे सोपं जातं, कारण शेपट्या छाटायच्या असतात. लय उतरवताना थापांमध्ये भोकं पडतात आणि ती बुजवताना घाम फुटतो.

एक सांगून ठेवतो. मी एकदा गोंधळाच्या संबळाचा ठेका असाच १०० वरून १३० वर नेला होता. मीटरवर, कानाला, सगळं चोख. ज्यांनी वाजवला होता त्या म्हाताऱ्या गोंधळ्यांना ऐकवला. ते म्हणाले, “संबळ माझं हाय, हात माझा न्हाई.” चढ्या लयीत ते मधल्या दोन टिपऱ्या मारतच नाहीत, हात तिथे उचलला जातो. सॉफ्टवेअरने त्या इमानदारीने मारल्या होत्या. मी त्या पुसल्या, तेव्हा ठेका बसला. तुमच्या ढोलकीवाल्याला १२० वर नुसतं तोंडाने बोल म्हणायला सांगा, कुठले बोल गाळायचे ते कळेल. तो गावातच असेल तर पुन्हा बोलवा, हे सगळं करण्यापेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : अभंगाचा तयार ट्रॅक काळी एकचा आहे, मुलगी काळी पाचला गाते. नऊ पट्ट्या वर नेला तर मागचे टाळकरी कार्टूनसारखे गातात. (डोंबिवलीहून)

उत्तर : ताई, वर का नेलात? काळी एकपासून तीन पट्ट्या खाली उतरलात की काळी पाचच लागते, फक्त खालच्या सप्तकातली. साथीला चालतं. मुलगी आपल्या जागी गाईल, तिला पायाशी सा मिळाला म्हणजे झालं.

कार्टून का होतं तेही सांगतो. माणूस वरच्या पट्टीत गायला म्हणून त्याचा घसा आणि तोंडाची पोकळी काही आखडत नाही. त्या पोकळीचे स्वतःचे घुमण्याचे पट्टे असतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ऐकू येतात ते त्यांच्यामुळे. सॉफ्टवेअर सुराबरोबर तेही उचलतं. नऊ पट्ट्या म्हणजे १.६८ पट, म्हणजे टाळकऱ्यांचा घसा साठ टक्क्यांवर आणल्यासारखं. रीपरच्या सूर बदलण्याच्या एलास्टिक प्रो प्रकारात ‘प्रिझर्व्ह फॉर्मंट्स’ आहे, ते लावा. पण नऊ पट्ट्यांना तेही पुरणार नाही, तीनला पुरेल. तबला थोडा रुंद तोंडाचा वाटेल. काळी पाचला तबलजी तसाच तबला घेऊन बसतात, त्यामुळे कुणाच्या कानाला खटकणार नाही.

प्रश्न : यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

उत्तर : आहे ते वापरा.

प्रश्न : आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. सुरुवात बरी वाटते, पण शेवटाकडे आजोबा घाईत आणि बारीक आवाजात बोलतात. ‘चेंज पिच’ने सूर उतरवला तर आवाज घोगरा, खरखरीत झाला. (सोलापूरहून)

उत्तर : इथे नवीन तंत्र विसरा. मंदिरात टेपरेकॉर्डर सेलवर चालला असणार. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालायला हवी. सेल उतरत गेले तशी ती हळू चालली. आता चांगल्या डेकवर ती बरोबर वेगाने वाजते, म्हणून शेवट पळतो. लय आणि सूर एकत्र बिघडलेत, एकत्रच दुरुस्त करा. ‘चेंज पिच’ नको. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ‘टाइम ट्रॅक’ उघडा. त्यात वेगाची रेषा हळूहळू उतरवता येते आणि सूरही तिच्याबरोबर उतरतो, पूर्वीच्या टेपसारखा.

किती उतरवायची? मंदिरातल्या कर्ण्याची घरघर ऐका. ती विजेची, म्हणजे ५० हर्ट्झची. शेवटची पाच-दहा सेकंदं निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ काढा (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख), साइझ ६५५३६ ठेवा. घरघरीचा सुळका ५३ वर दिसला तर फीत ९४ टक्के वेगाने चालली होती. रेषा तिथे ९४ वर आणा. हा फरक जवळजवळ एका पट्टीचा होतो. सुळका पुसट असेल तर १०० ऐवजी १०६ शोधा, दुप्पट जागी तो बरेचदा ठळक असतो. दर दहा मिनिटांनी असं मोजून खुणा करा.

आता अडचण अशी की त्या काळी आपली वीजही पन्नासवर स्थिर नसायची. म्हणून दुसरा पुरावा हवा, आणि तो म्हणजे पेटी. नामाच्या गजरात सा कुठे लागतो ते ऐका. पेटीचे सूर वर्षानुवर्षांनी थोडे हलतात, अख्खी पट्टी सरकत नाही. आजोबांच्या साथीची पेटी अजून माळ्यावर असेल तर खाली काढा, भाता हलका मारा आणि कॅसेटशेजारी ती पट्टी दाबून पाहा.