पहिल्या अल्बमच्या मुलाखतीत ‘प्रभाव कोणाचा?’ विचारलं तर नागपूरच्या मेटल बँडने काय सांगावं?

दहा बँडची नावं घेऊ नका. दोनच घ्या आणि प्रत्येकाकडून नेमकं काय उचललं ते स्वतःच्या गाण्यात दाखवून द्या. मी नागपुरात नव्या बँडचं रेकॉर्डिंग करतो, आणि नुसत्या यादीने ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही हे वारंवार पाहतो. ‘ब्लॅक सबाथ आवडतं’ म्हणण्यापेक्षा कारण सांगा: या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. तारांवरचा ताण कमी व्हावा म्हणून १९७१ च्या अल्बममधल्या काही गाण्यांत त्याने गिटारचा सूर तीन अर्धस्वर खाली उतरवला, आणि आवाजातला तो जडपणा पुढे मेटलची ओळखच झाला. तुमची गिटारही खाली लावलेली असेल, तर कोणत्या गाण्यात आणि का, हे सांगा. तिथे मुलाखत खरंच रंगते. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीतला ताशा ड्रम्सवर घेतला असेल तर तोही जरूर सांगा. मात्र तो ठेका गाण्यात ऐकू येत असेल तरच. नसेल तर नागपूरपण ओढूनताणून आणू नका.