‘आमच्यात माळ आहे, आणि पोरगं असलं बघूलालंय!’

त्या बाईंनी पिशवीतून मोबाईल काढला आणि समुपदेशनाच्या खोलीत माझ्या टेबलावर उपडा ठेवला. सुलटा ठेवायचीसुद्धा लाज वाटत होती त्यांना. ‘‘मॅडम, आमच्यात माळ आहे हो. पोरगं अभ्यासात बरं आहे, खरं रात्री असलं बघूलालंय.’’

बेळगावजवळचं गाव. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, पाळीचं काम. मुलगा दहावीत, मुलगी अकरा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांच्या खात्यावरून मुलगा गुंडांची एक हिंदी मालिका बघायचा. आईच्या कानावर शिव्या पडल्या, मोबाईल काढून घेतला, चार दिवस घरात अबोला. आता प्रश्न एकच, जो मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच: असलं बघून पोरगं बिघडेल का?

मालिका बघितली म्हणून गुंड झालेला मुलगा माझ्यासमोर अजून आलेला नाही. पण ‘काही होत नाही’ असंही मी कधी म्हणत नाही. रोज बघितलेल्या गोष्टीचं मनाला काही वाटेनासं होतं, आणि मला काळजी त्याची वाटते.

मुलाशी एकट्याशी बोलले. वर्गात अजून कोण बघतं, विचारलं. ‘‘सगळेच.’’ कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या मराठी, कुणाच्या उर्दू. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचं मिळून बोलणं या मालिकेवर. ‘‘बघितलं नाही तर नुसता डबा खात बसायचं.’’ पंधराव्या वर्षी असं एकटं बसणं किती जड जातं, हे आपण मोठे विसरतो.

मग त्याला एक प्रसंग सांगायला लावला. रंगून सांगत होता. नायक बायकोच्या थोबाडीत मारतो, ती गप्प बसते... इथं तो हसला.

‘‘हसू कशाचं आलं?’’

तो खुर्चीची सुटलेली पट्टी अंगठ्यानं दाबत राहिला. ‘‘तिथं सगळेच हसतात.’’

‘‘आणि बहीण शेजारी असती तर?’’

बराच वेळ गेला. ‘‘ती झोपल्याशिवाय मी लावतच नाही.’’

मला त्याचं हे वाक्य फार मोलाचं वाटलं. काय बरं, काय वाईट, हे त्याला कळत होतं. कुणी त्याला तसं विचारलंच नव्हतं.

आईलाही मी एक विचारलं: रात्री जेवताना टीव्हीवर काय असतं? सासू सुनेला घालूनपाडून बोलते ती मालिका. सगळे मिळून बघतात, धाकटीसुद्धा. ‘‘ते घरगुती असतंय की, मॅडम.’’ उघडं अंग आणि शिवी दिसली की आपण दचकतो. बाईचा अपमान मात्र भाकरीबरोबर गिळतो. मी त्यांना हे असंच सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

कामाची माहितीही दिली. ओटीटीवरच्या मालिकांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. पण केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे वयोगट आणि आशयाची सूचना कंपनीनं स्वतः दाखवायची असते, आणि 13+ व त्यापुढच्या गटांसाठी पालकांना कुलूप घालायची सोय द्यायची असते. ही मालिका 18+ होती. असं कुलूप असतं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. ठरलं असं: ती मालिका आता बंद, कुलूप घालायचं, पण मुलाच्या देखत, चोरून नाही. आणि वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी मुलानं निवडलेलं, त्याच्या वयाचं काहीतरी सगळ्यांनी मिळून बघायचं.

डब्याच्या सुट्टीचा प्रश्न एवढ्यानं सुटला नाही. मालिका न बघणारा एक मित्र त्याला मिळाला आहे, बाकीचे चिडवतात.

तिसऱ्या भेटीत उठता उठता तो म्हणाला, ‘‘मॅडम, बाबांच्या ग्रुपवर जे व्हिडिओ येतात, ते ते बघतात. मग त्याचं काय?’’

‘‘तुझं नाव न घेता विचारू त्यांना?’’

तो दारात थांबला. ‘‘नको. घ्या नाव.’’

पुढच्या शनिवारी वडील पाळी बदलून आले.