भौतिकशास्त्राचा अभ्यास तोराच्या अभ्यासात धरता येतो का?

यहुदी धर्मात तोराचा, म्हणजे ईश्वरी शिकवणुकीच्या लिखित आणि मौखिक परंपरेचा, अभ्यास हे रोजचं, स्वतंत्र कर्तव्य आहे. त्यामुळे लौकिक विद्येचं त्यात काय स्थान, हा प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकतो. सृष्टीतून तिच्या कर्त्याची ओळख होते, या भावनेनं अभ्यास केला तर तो तोराचा अभ्यास ठरतो का?

याला सर्वात भक्कम आधार राम्बाम, म्हणजे मोशे मायमोनिडीस, यांचा आहे. बाराव्या शतकातल्या 'मिश्ने तोरा' या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात ते एका कारागिराचं उदाहरण देतात. तो दिवसाचे ३ तास धंदा करतो आणि ९ तास अभ्यास. या ९ तासांतले ३ लिखित तोरासाठी, ३ मौखिक परंपरेसाठी आणि उरलेले ३ एका गोष्टीवरून दुसरी ताडून पाहण्यासाठी, म्हणजे गमारासाठी. त्यालाच जोडून ते म्हणतात की 'पार्देस' या नावानं ओळखले जाणारे विषयही गमारातच येतात. पार्देस म्हणजे नेमकं काय, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. ग्रंथाचे पहिले चार अध्याय हेच ते. पहिल्या दोनांत ईश्वर आणि देवदूतांचा विचार, पुढच्या दोनांत आकाशगोल आणि पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू ही चार मूलतत्त्वं. त्या काळची तत्त्वमीमांसा आणि त्या काळचं भौतिकशास्त्रच ते.

पण अनेक जण एवढंच वाक्य उचलतात आणि पुढच्या अटी सोडून देतात. पार्देसात शिरण्याआधी पोट 'भाकरी आणि मांसानं' भरलेलं हवं, असं राम्बाम बजावतात. भाकरी-मांस म्हणजे काय निषिद्ध, काय चालतं, याचं पक्कं ज्ञान. दुसरं, या अभ्यासातून ईश्वराबद्दलचं प्रेम आणि आदरयुक्त भय मनात उपजलं पाहिजे. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेली सूत्रं या व्याख्येत बसवणं फार अवघड आहे. शिवाय ही मुभा सृष्टी आणि सत्तेच्या अभ्यासापुरती आहे. विद्यापीठाचा अख्खा अभ्यासक्रम तिच्यात कोंबता येत नाही.

नंतरच्या धर्मशास्त्रानं राम्बाम यांचं वर्गीकरण जसंच्या तसं उचललं नाही. १६व्या शतकात क्राकोवचे रब्बी मोशे इस्सर्लेस 'शुल्हान आरूख' या धर्मनियमांच्या संहितेतल्या 'योरे देआ' विभागाच्या २४६व्या प्रकरणात म्हणतात की अभ्यास मिक्रा (पवित्र ग्रंथ), मिश्ना (मौखिक नियमांचं संकलन), गमारा (मिश्नावरची चर्चा) आणि धर्मनियमांचे निर्णय देणाऱ्या निर्णयकारांचाच करावा. इतर विद्या अधूनमधून शिकायला हरकत नाही, फक्त पाखंडी पुस्तकं नकोत. त्यांनी परवानगी दिली, पण अभ्यासाच्या कर्तव्यात या विद्या मोजल्या नाहीत.

प्रश्न : एखादी गोष्ट तोरा आहे की नाही, हे व्यवहारात कसं ओळखायचं?

तीन ठिकाणी पाहा. पहिलं, सकाळी अभ्यासाआधी म्हणायचा तोराचा आशीर्वाद. 'शुल्हान आरूख' तो मिक्रा, मिश्ना, गमारा आणि मिद्राश (पवित्र वचनांचं विवरण) यांच्यासाठी सांगतो. दुसरं, तिशा ब'आव, म्हणजे यरुशलेमच्या मंदिरांच्या नाशाचा शोकदिन. त्या दिवशी मन आनंदित करणारा तोराभ्यास निषिद्ध असतो. मिश्ना आणि गमारा मिळून होणाऱ्या तालमूदातल्या त्या बंदीच्या यादीत तोरा, संदेष्टे, इतर पवित्र लेखन, मिश्ना, गमारा, मिद्राश, हलाखा (धर्मनियम), आगादा (कथा आणि उपदेश) एवढं सगळं आहे, भूमिती नाही.

तिसरी कसोटी शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाची, आणि ती सर्वात बोलकी आहे. 'शुल्हान आरूख'च्याच 'ओराह हायीम' विभागातल्या ३०७व्या प्रकरणाचं १७वं कलम सांगतं की शब्बाथला तोराखेरीज काही शिकू नये, विद्यांची पुस्तकंसुद्धा नाहीत. लगेच पुढे, काही जण परवानगी देतात आणि त्यांच्या मते शब्बाथला ॲस्ट्रोलेब हे ताऱ्यांची स्थिती मोजायचं यंत्र पाहायलाही हरकत नाही, असं येतं. नीट वाचलं तर दोन्ही मतं 'विद्यांची पुस्तकं' तोराहून वेगळीच धरतात. वाद आहे तो फक्त परवानगीचा.

प्रश्न : मग ज्यू पंचांगाचं गणित? तेही लौकिकच का?

इथे सीमारेषा खरोखर बारीक आहे. सरासरी चांद्रमास २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भागांचा. एका तासाचे भाग १०८०. १९ वर्षांच्या चक्रात ७ वेळा अधिक महिना येतो. हे आकडे धर्मनियमाचाच भाग आहेत, म्हणून ते शिकणं हा तोराचा अभ्यास. पंचांगाच्या गणितामागचं खगोलशास्त्र मात्र ग्रीकांच्या पुस्तकांतून आलं आहे, हे राम्बाम स्वच्छ सांगतात. जिथे सिद्धता स्पष्ट आहे, तिथे लेखक संदेष्टा आहे की परधर्मीय हे पाहायची गरज नाही, असं ते लिहितात. इतका मोकळेपणा आपण जपायला हवा.

प्रश्न : मी वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माझं शिक्षण म्हणजे मित्स्वा (धर्माज्ञा) का?

रोग्याला बरं करणं ही मित्स्वा आहे, तेव्हा तुमचा अभ्यास म्हणजे तिची पूर्वतयारी. ही पायरी तोराभ्यासाहून वेगळी आहे, म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. योम किप्पूरचं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाचं, उदाहरण घ्या. आजाऱ्याला खायला द्यावं लागलं, तर शक्यतो एका वेळी मध्यम अंड्याच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकंच द्यायचं आणि पुढच्या घासाआधी चार अंडी खायला लागेल इतका वेळ थांबायचं. हे माप शिकणं म्हणजे तोरा. या रोग्याला उपास झेपेल का, हे ओळखणं म्हणजे वैद्यक. आणि डॉक्टर 'खायला हवं' म्हणाला, की धर्मशास्त्र त्याचं ऐकतं.

प्रश्न : तालमूदानं ग्रीक विद्येला बंदीच घातली आहे ना?

तालमूदातल्या 'मनाहोत' या भागात, पान ९९ब वर, बेन दामा आपल्या मामाला, रब्बी इश्माएल यांना, विचारतो की मी सगळी तोरा शिकलो, आता ग्रीक विद्या शिकू का? उत्तर येतं की दिवसही नाही आणि रात्रही नाही अशी वेळ शोध आणि तेव्हा शीक. बरेच जण इथेच थांबतात. त्याच पानावर पुढे रब्बी श्मुएल बार नहमानी म्हणतात की यहोशुआच्या पुस्तकातल्या, रात्रंदिवस तोराचं मनन कर असं सांगणाऱ्या, ज्या वचनावर हे उत्तर उभं आहे, ते कर्तव्य नाही आणि आज्ञाही नाही, तो आशीर्वाद आहे.

प्रश्न : साहित्य, इतिहास, वाणिज्य यांचं काय?

तोराभ्यास नाही. मुलाला पोटापाण्याचा धंदा शिकवणं हे बापाचं कर्तव्य तालमूदच सांगतो, त्यामुळे वाणिज्याला तो आधार पुरेसा आहे. साहित्याबाबत नॉर्मन लॅम यांची मांडणी आम्हाला पटते. न्यूयॉर्कच्या येशिवा युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष असलेल्या लॅम यांनी १९९० साली हसिदी या यहुदी भक्तिपंथाच्या विचाराचा आधार घेऊन सुचवलं की लौकिक अभ्यास ईश्वराची सेवा म्हणून करता येतो. त्यासाठी त्याला तोराच्या नावाखाली आणायची गरज पडत नाही.

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल. घरात तोरा मराठीतून वाचतो. ते धरलं जातं का?

हो, निःशंक. भाषा ही कसोटीच नाही. राम्बाम यांनी मिश्नावरचं भाष्य अरबीत लिहिलं, आणि तुमच्या पूर्वजांसाठी मराठी अर्थासह हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) मुंबईत १८४६ सालीच छापली गेली. अर्थ समजून वाचा, रोज वाचा, आणि सकाळचा आशीर्वाद आधी म्हणा.