मिथाइल की हायड्रॉक्सीमिथाइल?

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. करते. बायसल्फाइट या रसायनाच्या प्रक्रियेनंतर डीएनएमधले जे ‘सी’ (सायटोसिन) तसेच उरतात, ते मिथाइलवाले, म्हणजे मिथाइल हा छोटा रासायनिक गट चिकटलेले, असं शिकलो. मग हायड्रॉक्सीमिथाइलवाले (मिथाइलवर ‘ओएच’ गटही असलेले) कसे ओळखायचे? – एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : बायसल्फाइटने ते ओळखता येत नाहीत. साध्या सायटोसिनचं युरॅसिल हे वेगळंच अक्षर होतं, मिथाइल आणि हायड्रॉक्सीमिथाइल ही दोन्ही रूपं मात्र ‘सी’ म्हणूनच वाचली जातात. पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर एकाच रंगाच्या रेनकोटातली दोन माणसं मागून सारखीच दिसतात, तसं. 2009 साली उंदराच्या मेंदूपेशींत हायड्रॉक्सीमिथाइल सापडल्यावर ही अडचण फार बोचू लागली.

2011 मधला उपाय मला आजही अतिशय देखणा वाटतो. टी-4 या जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूचं एक एन्झाइम फक्त हायड्रॉक्सीमिथाइलच्या ‘ओएच’वर ग्लुकोज चढवतं. त्या ग्लुकोजला आधीच अझाइडची (तीन नायट्रोजनच्या गटाची) शेपटी लावून ठेवायची. मग क्लिक रसायनाने (दोन रेणू चटकन जोडणाऱ्या अभिक्रियेने) शेपटीला बायोटिन हा छोटा रेणू जोडायचा आणि त्याला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन प्रथिनाच्या मण्यांवर तेवढेच तुकडे ओढून घ्यायचे. मिथाइलवाले धुऊन जातात. (क्लिक रसायनासाठी 2022 चं नोबेल बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना मिळालं.) प्रथिनांवरची काही साखरही अशाच अझाइड शेपटीने पकडतात.

एक कळकळीने सांगते. नौपाड्यातल्या घरी परतताना मी एकदा रडले होते, कारण बायसल्फाइटचं द्रावण शिळं होतं आणि तीन दिवसांचे नमुने वाया गेले. ते रोज ताजं कर. लेबलिंगमध्ये (ग्लुकोज चढवताना) तुलनेसाठी एक नळी एन्झाइमशिवाय ठेव. तिच्यातही डीएनए मण्यांना चिकटला, तर धुणं कमी पडलंय.