टेलिस्कोप नाही, तरी पीएचडी होईल का?

प्रश्न: मी एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, खगोलशास्त्रात पीएचडी करायचीय, पण साधा टेलिस्कोपही नाहीये आणि घरचे म्हणतात आधी पोटापाण्याचं बघ. काय करू?

उत्तर: अगं, टेलिस्कोपचं टेन्शन सोड, पीएचडीत रात्रभर डोळा लावून कुणी बसत नाही, डेटा येतो आणि तू लिनक्सवर पायथॉनचे कोड चालवत महिनोन्‌महिने त्यातला कचरा साफ करत बसतेस. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत ना, त्यांच्या सिग्नलमध्येही मोबाईल नि विजेच्या तारांचा गोंगाट घुसतो, तो काढणं हेच मोठं काम. त्यामुळे इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पक्कं कर आणि पायथॉन आजच सुरू कर. पुण्यातल्या आयुका, एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांच्या प्रवेशाच्या जाहिराती त्यांच्या वेबसाइटवर बघत राहा, जेस्ट आणि नेट या परीक्षाही दे, आणि सुट्टीतला एखादा प्रोजेक्ट मिळाला तर सोडू नकोस, खरी आवड तिथंच कळते. घरच्यांना सांग, जेआरएफला, म्हणजे पीएचडी करताना मिळणाऱ्या फेलोशिपला, २०२३पासून महिना ३७,००० मिळतात. पण पुढं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) म्हणजे बऱ्याचदा परदेश, आणि पक्की नोकरी उशिरा, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस.